कानांवरचे हात

स्मरणिकेच्या संपादकांचा यंदाचा आग्रह असा होता की, 'डॉक्टर, या वेळी लसीकरण नको. एखादे प्रवासवर्णन द्या.' गेली अनेक वर्षे गोवर, अतिसार आणि बालदमा यांवर लिहून मी या पानांवर वाचकांच्या सहनशीलतेची बरीच परीक्षा पाहिली आहे, हे मला मान्य आहे. म्हणून यंदा विषय घेतला आहे तो थीम पार्कचा, आणि तेथे भेटणाऱ्या मोठ्या, गलबलाट करणाऱ्या सहल-गटांचा. मात्र बालरोगतज्ज्ञ सहलीला गेला तरी त्याचा दवाखाना त्याच्या मागोमाग जातोच. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

२०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेस गेलो होतो. तेथून सर्वांनी मिळून फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेल्या या विस्तीर्ण क्रीडानगरीतले सर्वांत जुने उद्यान म्हणजे 'मॅजिक किंगडम'. सहा वर्षांच्या नातवाला तेथली एकच गोष्ट पाहायची होती, 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही नौकेतली फेरी. देशोदेशींच्या पोशाखांतल्या बाहुल्या तेथे एकच गाणे गातात आणि त्यांच्यामधून आपली नौका संथपणे पुढे सरकते. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफला साहाय्य म्हणून ही कल्पना प्रथम साकारली होती. आमच्या नातवाने तिची चित्रफीत शेकडो वेळा पाहिली असेल.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमचा नातू स्वमग्न आहे. अडीच वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नव्हता, हाक मारली तरी वळून पाहत नव्हता. 'मुलगे जरा उशिराच बोलतात' हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी कोणत्याही आजी-आजोबांना उच्चारू देत नाही. पण मुलीने काळजीने विचारले तेव्हा दूरध्वनीच्या पडद्यावरून मी तिला तेच ऐकवले होते. निदान नंतर तिथल्या डॉक्टरांनी केले. त्या वाक्याबद्दल तिने मला कधी दोष दिला नाही. पण ते मी विसरलेलो नाही.

त्यामुळे त्या एका फेरीचे मोल आमच्या घरी निराळे होते. मुलीने दोन महिने तयारी केली होती. आधी बस, मग दार, मग रांग, मग नौका अशी चित्रे क्रमाने लावून तिने स्वयंपाकघरात टांगली होती. आवाज कमी करणारी कानझाकणी त्याला थोडा थोडा वेळ घालून सवय करून दिली होती. लांब रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य नाही अशांसाठी डिस्नेने २०१३ पासून एक सोय ठेवली आहे: परतण्याची वेळ नोंदवून घ्यायची, तोवर बाहेर कोठेही थांबायचे आणि मग वेगळ्या वाटेने आत जायचे. तिचीही नोंदणी झाली होती. इतर मुलांसारखी एक संपूर्ण सहल, एवढीच तिची इच्छा होती.

जुलै हा ब्राझीलमधल्या शाळांच्या सुटीचा महिना. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो. तेथे मुलीचा पंधरावा वाढदिवस थाटाने साजरा करण्याची प्रथा आहे आणि समारंभाऐवजी मैत्रिणींबरोबर डिस्नेची सहल मागणाऱ्या मुलीही पुष्कळ असतात. त्यामुळे जुलैत तेथे ब्राझीलच्या किशोरवयीनांचे जथेच्या जथे दिसतात. तीस-चाळीस जणांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पुढे उंच काठीवर झेंडा धरलेला मार्गदर्शक, आणि त्याने एक ओळ म्हटली की मागून सर्वांनी टाळ्यांच्या ठेक्यावर गर्जना करायची. एक गट थांबला की समोरचा दुसरा गट त्याला उत्तर देतो.

सकाळी मला याची गंमत वाटली. दुपारी, पस्तीस अंशांच्या दमट उकाड्यात, ती गंमत राहिली नाही. आसपासचे लोक भुवया उंचावत होते. 'यांना काही वळण लावले आहे की नाही,' असे मीही मनात म्हणत होतो. इतक्या मुलांमुळे आपला केवढा वेळ जातो, अशी कुरकुर कोणीतरी मागे करत होते. मी सहज हिशेब केला. ताशी बाराशे माणसे नेणारी एखादी फेरी असेल, तर पुढे असलेल्या चाळीस मुलांमुळे आपला वेळ वाढतो तो अवघा दोन मिनिटांनी. म्हणजे वेळेची तक्रार खोटी असते. माणूस वैतागतो तो आवाजाला. आणि एक जण जागा धरून उभा राहिला व मागून वीस जण आत घुसले, तर त्या अन्यायाला.

आवाजाचे गणित मात्र खरे आहे. एकाच्या जागी दहा जण तितक्याच जोराने ओरडले तर आवाज दहा डेसिबलने वाढतो. चाळीस जण ओरडले तर सोळाने. शिवाय १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलेला परिणाम आहेच. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. आपल्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज घडते. दोन बाळे रडू लागली की आया मोठ्याने बोलतात आणि मग कंपाउंडर ओरडून नंबर पुकारतो. कोणाचाही हेतू वाईट नसतो, तरी दहा मिनिटांत भाजीबाजार होतो. लहान मुलांनी आठवड्यातून चाळीस तास ऐकायचे तर ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने दोन-पाच मिनिटांच्या आरोळ्यांनी बहुतेक मुलांच्या कानांना इजा होणार नाही. पण आमच्या नातवाच्या बाबतीत प्रश्न ऐकू येण्याचा नव्हताच. आपला मेंदू नको असलेले आवाज मागे सारतो. अनेक स्वमग्न मुलांना ते जमत नाही. सगळे आवाज एकदम आणि सारख्याच जोराने अंगावर येतात. संवेदनांच्या या वेगळेपणाला २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये निदानाच्या निकषांत स्थान मिळाले.

ठरलेल्या वेळी आम्ही आत गेलो. नौकांपाशी दोन्ही वाटा जवळजवळ येतात आणि वर छत असल्याने आवाज घुमतो. नेमका त्याच वेळी पलीकडच्या रांगेत हिरव्या टी-शर्टचा एक गट आला आणि त्यांचे गाणे सुरू झाले. नातवाने कानझाकणीवरून दोन्ही हात घट्ट दाबले. मग तो खाली बसला, कपाळ गुडघ्यांवर आपटू लागला आणि किंचाळला. नौका दहा पावलांवर होती.

माझा तोल गेला. मी त्या गटाच्या मार्गदर्शिकेकडे तरातरा निघालो. तिला काय सुनवायचे हे इंग्रजीत मनात जुळवतही होतो. तोवर मुलगी माझ्या पुढे गेली. तिने त्या तरुणीला नातू दाखवला, स्वतःच्या कानांवर हात ठेवले आणि मान हलवली. बस, एवढेच. मार्गदर्शिकेने झेंड्याची काठी उंच उभारली आणि दुसऱ्या हाताचा तळवा मुलांसमोर धरला. चाळीस मुले गप्प झाली. एक-दोघींना हसू आवरेना, त्यांना शेजारणींनी कोपराने ढोसले. एका मुलीने आपला छोटा पंखा पुढे केला. आम्ही नातवाला उचलून बाहेर आणले, तोपर्यंत आतून हूं की चूं ऐकू आले नाही.

बाहेर बाकावर तो आईच्या कुशीत शांत होत होता आणि माझी धुसफूस चालूच होती. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना माहीत नव्हते. सांगितल्यावर थांबले ना? आणि सिंगापूरला आपण तरी काय वेगळे होतो?"

२०१२ साली इंदूरहून आम्ही अडतीस जण सिंगापूरला गेलो होतो. सर्वांना पिवळ्या टोप्या होत्या, पिशव्यांत सेव आणि चिवडा होता. युनिव्हर्सल स्टुडिओजच्या रांगेत आम्ही अंताक्षरी मांडली होती, आणि पाळणा सुटला की 'गणपती बाप्पा मोरया'चा गजर. मुलीने आठवण दिली तेव्हा मला त्या रांगेतले आणखी एक दृश्य आठवले. आमच्या पुढे एक स्थानिक आई आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. त्याने कानांवर हात ठेवले होते आणि तो सारखा पुढेमागे डोलत होता. आई दोन-तीनदा आमच्याकडे वळली, काही बोलली नाही, आणि शेवटी त्याला घेऊन रांगेतून निघून गेली. मी पाहिले होते. बालरोगशास्त्रात एम.डी. असलेल्या मला त्या वेळी वाटले होते ते इतकेच, की मूल लाडावलेले दिसते. मग आमच्यावर 'म' आला आणि आम्ही पुढचे गाणे सुरू केले.

ब्राझीलच्या त्या मुलांना ज्ञान नव्हते. मला होते.

समूहाचा आवाज वाईट असतो, असे मी म्हणणार नाही. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या मुलांना त्या आरोळ्या एकत्र ठेवतात. गर्दीत मागे राहिलेल्याला आपला गट कोठे आहे ते कळते. आपल्याकडेही वारी आहे आणि अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या इंदूरच्या झांक्या आहेत. आनंद एकट्याने कुजबुजत करायचा नसतो, हे आपण जाणतोच. पण वारीने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या समाजआरतीला टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि तो कल्लोळ क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात आणि मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्या ब्राझीलच्या तरुणीने काठी उभारली तेव्हा मला चोपदारच आठवला. सिंगापूरला आमच्या अडतीस जणांत चोपदार नव्हता.

दुसऱ्या दिवशी उद्यान उघडताच आम्ही पुन्हा गेलो. गट अजून न्याहारीला बसले असावेत. नातू नौकेत बसला. तो हसला नाही, काही बोललाही नाही. फेरी संपल्यावर त्याने नौकेकडे बोट दाखवले. आम्ही तीनदा बसलो.

आता शेवटी डॉक्टरी सल्ला, कारण तो दिल्यावाचून मला लेख संपवता येत नाही. घरात असे मूल असेल तर उद्यानात अगदी सकाळी जावे. आपल्याकडे शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत फार असतात, ते दिवस टाळावेत. निघताना मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र काढावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक त्याच्या मनगटावर बांधावा. काही सवलत आहे का, हे आधी विचारावे, त्यात संकोच नको. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नताही आहे. गटाने जाणाऱ्यांनी दहा-दहांच्या तुकड्या कराव्यात, वीस जणांसाठी एकाने जागा धरू नये, आणि गाणी मोकळ्या आभाळाखाली म्हणावीत, छताखाली नव्हे. आणि कानांवर हात ठेवलेले मूल दिसले तर त्याच्या आईने बोलण्याची वाट पाहू नये. ती बहुधा बोलणार नाही.

आपल्या मंडळाची कौटुंबिक सहल हिवाळ्यात निघेलच. गाणी होतील, व्हायलाच हवीत. फक्त त्या सहलीत काठी धरण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे द्यावे, अशी नम्र विनंती आहे.