राखेचं सिमेंट आणि चौदा दिवसांची ओल



परवा गटाच्या बैठकीत, घरकुल मंजूर झालेल्या एका ताईंनी विचारलं, "मिस्त्री म्हणतो, राखेचं सिमेंट कच्चं असतं. घ्यावं का नको?"

लातूर-नांदेडकडच्या बायांना हा प्रश्न साधा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. कच्चं घर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तर आधी ही राख समजून घेऊ. परळीसारख्या वीज केंद्रात दगडी कोळसा जळला की पिठासारखी बारीक राख उरते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. त्यात हवा तापवणारा कार्बन वायू खूप निघतो. शंभर किलो सिमेंटात १५ ते ३५ किलो राख घातली की तेवढं भाजणं वाचतं. हेच पीपीसी सिमेंट. गोणीवर तसं छापलेलं असतं.

मग ते कच्चं का वाटतं? सिमेंटला पाणी लागलं की त्यातून थोडा चुना सुटतो. राख त्या चुन्याशी सावकाश मिळते आणि पक्की होते. म्हणून पहिल्या आठवड्यात ताकद कमी दिसते, पुढे बरोबरी होते. पण हे काम ओल असेपर्यंतच चालतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल लागते, पीपीसीला किमान १०. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात १४ दिवस धरा.

पाणी टँकरचं असेल तर स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. थोड्या पाण्यात ओल टिकते. सेंट्रिंग काढायची घाई करू देऊ नका. आणि चुलीची किंवा वीटभट्टीची राख कुणी कालवायला लागलं तर हात धरा. कारखान्यात तपासून, मोजून घातलेली राख वेगळी.

एक मात्र खरं, भूकंपात नुसतं सिमेंट वाचवत नाही. जोत्याला आणि दार-खिडक्यांच्या वर सळईचा सलग पट्टा हवा. तो चारी भिंती एकत्र बांधून ठेवतो.

त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं: राखेचं सिमेंट बिनधास्त घ्या, पण चौदा दिवस पाण्याची पाळी घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या.