शाळेतील धान्यकोठीची निगा

शालेय पोषण आहाराचे धान्य शाळेत एकदम येते व रोज थोडे थोडे खर्ची पडते. मधल्या काळात ते जसेच्या तसे राहील, असे मानणे चूक होय. धान्यही नाशवंतच आहे. भाजीप्रमाणे त्याचा नाश एका दिवसात डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

तांदळातील सोंडकिड्याची मादी दाण्याच्या पोटात अंडे घालते. अळी आतच वाढते आणि उबदार, दमट हवेत सुमारे एका महिन्याने किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. म्हणून वरून स्वच्छ दिसणारे पोतेही आतून किडलेले असू शकते. शिल्लक धान्यावर नवे ओतल्यास कीड नव्यात शिरते आणि तळाचे जुने धान्य तळाशीच राहते. यास्तव कोठीचा पहिला नियम असा की, आधी आलेले आधी खर्चावे. प्रत्येक पोत्यावर आवकीची तारीख लिहावी. जुनी पोती पुढे, नवी मागे ठेवावीत. रिकामी कोठी झाडून व पूर्ण कोरडी करूनच भरावी. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असावीत. कारण ओलीमुळे बुरशी येते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील विष शिजवूनही जात नाही. असे दाणे टाकून द्यावेत.

दुसरा नियम हिशेबाचा. केंद्राच्या मानकानुसार इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरले जाते. रोज ६० मुले जेवत असतील तर ६ किलो आणि २४ दिवसांस १४४ किलो तांदूळ लागेल. कोठीत ३० किलो शिल्लक असल्यास ११४ किलोंचीच मागणी करावी. मुलांची संख्या पटावरील नव्हे, तर प्रत्यक्ष जेवणाऱ्यांची धरावी. आणि शिल्लक नुसती वहीत पाहून नव्हे, तर काट्यावर तोलून लिहावी. पालेभाजी मात्र त्या त्या दिवशीच आणावी.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. कोठीत खाद्यपदार्थांखेरीज काहीही नसावे आणि औषधाचा रिकामा डबा तेलासाठी कधीही वापरू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात अन्न शिजले आणि २३ मुले दगावली. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा जो दंडक आहे, तो केवळ नोंदवहीतील सहीपुरता नाही. तेलास वा अन्नास अपरिचित वास आल्यास स्वयंपाक तेथेच थांबवावा.

महिनाअखेरचे वजन व वजाबाकी पाचवीच्या मुलांकडून करवून घेता येईल. त्यांना गणिताचा प्रत्यक्ष पाठ मिळेल आणि आपल्या ताटातील अन्न कोठून, किती येते हेही त्यांना कळेल.