जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचे लॉकिंग हब: एक निकामी झाला तरी पुढची दोन्ही चाके हतबल

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या काठाने महाराष्ट्राला लागून आहे. कापसाची काळी जमीन ही या भागाची ओळख. उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पावसात चिकट आणि निसरडी होते. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर परिसरातील डोंगराळ कच्च्या वाटांवर अशा वेळी रुग्ण असो वा खताच्या गोण्या, जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीप आणि मालवाहू गाड्यांचे मोल कळते. मात्र चालकाने फोर व्हीलचा गियर टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळालीच असे नाही. ते पुढच्या चाकांवरील लॉकिंग हबवर अवलंबून असते.

पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेला हा भाग चाक आणि आतील ॲक्सल शाफ्ट यांना जोडतो किंवा वेगळे करतो. वरची चकती ‘फ्री’वर असताना चाक स्वतंत्र फिरते, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांना त्यासोबत फिरावे लागत नाही. ‘लॉक’ केल्यावर आतील दातेरी कडे सरकून दोहोंना एकत्र बांधते. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी जीप सामान्य रस्त्यांवर आल्या, तेव्हा पुढच्या यंत्रणेची अनावश्यक झीज आणि इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये असे हब बाजारात आणले. महिंद्र कंपनीने भारतात जोडणी केलेल्या विलिस जीपच्या घराण्यातील अनेक गाड्यांवर पुढे ते दिसू लागले.

दाते बोथट झाले, स्प्रिंग सैल पडली किंवा आत पाणी शिरून ग्रीसचा चिखल झाला, की हब घसरू लागतो. चढावर जोर देताच पुढून ‘कट्-कट्’ आवाज येणे आणि चकती जड फिरणे ही त्याची लक्षणे. साधे डिफरन्शियल ज्या बाजूला विरोध कमी, त्या बाजूला फिरते. त्यामुळे एका बाजूचा हब सुटला, तर तिकडचा शाफ्ट नुसताच फिरत राहतो आणि दुसऱ्या, सुस्थितीतील चाकालाही जोर मिळत नाही. गाडी प्रत्यक्षात मागच्या दोन चाकांवरच चालते. लो गियरमध्ये मागच्या ॲक्सलवर सगळा भार येऊन तो तुटण्याचाही धोका असतो.

तपासणीसाठी मागची चाके ठोकळ्यांनी अडवून पुढचा भाग भक्कम स्टँडवर उचलावा. केवळ जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून मुख्य गियर आणि फोर व्हीलचा गियर टाकावा, दोन्ही हब लॉक करावेत आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. ते स्थिर राहिले, तर दोहोंपैकी एक हब पकडत नाही. मग दोन्ही चाके आळीपाळीने फिरवून पाहावीत. लॉक असूनही ‘फ्री’इतकेच हलके फिरणाऱ्या चाकाचा हब दोषी. थोडीशी झीज मात्र हाताला जाणवत नाही. ती भाराखालच्या आवाजावरूनच ओळखावी लागते.

नवा हब घेताना जुना सोबत न्यावा. शाफ्टवरील खाचांची संख्या आणि बोल्टची संख्या व अंतर जुळलेच पाहिजे. हब जोडीनेच बदलणे श्रेयस्कर. वरचे बोल्ट काढल्यावर चकती निघते. शाफ्टच्या टोकावरील सर्क्लिप काढली की हबचा मुख्य भाग बाहेर येतो. येथेच चाक वर-खाली हलवून बेअरिंगची ढिलाई पाहावी. ढिलाई असेल, तर नट पुन्हा बसवून त्यांमधील वॉशरची जीभ वाकवून पक्की करावी. खाचा स्वच्छ कराव्यात, गॅस्केट व सर्क्लिप नवी घालावी आणि बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावेत. बेअरिंगला भरपूर ग्रीस लागते. हबमध्ये मात्र पातळ थरच पुरे. तो ठासून भरला, तर सरकते कडे अडकते.

सतत चिखलात चालणाऱ्या गाडीसाठी कायम जोडलेली फ्लँज हा साधा, टिकाऊ पर्याय आहे. त्यात इंधन थोडे अधिक लागते, पण बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. गोव्यात कुळे येथून दूधसागरकडे ओढे ओलांडत जाणाऱ्या जीपसारख्या, वारंवार पाण्यात उतरणाऱ्या गाड्यांचे हब मोसमाअखेर उघडून पाहणे हिताचे. महिन्यातून एकदा हब लॉक करून, फोर व्हीलचा गियर न टाकता, काही किलोमीटर गाडी चालवल्यास आतील भागांपर्यंत वंगण पोहोचते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील वापरू नये. ही सारी तपासणी पावसापूर्वी व्हायला हवी; रुतलेल्या गाडीखाली चिखलात बसून हब उघडणे अवघडच.