कंबरदुखी आणि कॅल्शियमची गोळी

कंबर दुखते म्हटलं की घरातलं कुणीतरी सांगतंच, "कॅल्शियम कमी झालं असेल, गोळ्या सुरू कर." पण दहातल्या जवळपास नऊ जणांच्या कंबरदुखीला एकच असं नेमकं कारण सापडत नाही. अशा दुखण्यावर कॅल्शियम लागू पडतं याला पुरावा नाही. नवं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं आणि श्रेय मिळतं त्या वेळी चालू असलेल्या गोळीला.

"हाडं ठिसूळ झालीत म्हणून पाठ दुखते" हा समज सर्वांत पक्का, आणि माझ्या मते सर्वांत घातक. हाडांचा ठिसूळपणा स्वतः दुखत नाही, तो वर्षानुवर्षं नकळत वाढतो. दुखतं ते मणका दबून मोडल्यावर. म्हणून पाळी गेलेल्या बाईला वाकताना किंवा बादली उचलताना पाठीत अचानक कळ आली आणि ती थांबेना, तर आधी एक्स-रे काढायला हवा. तिथे गोळ्यांवर महिने घालवले तर पुढचा मणकाही मोडू शकतो.

अन्नातलं कॅल्शियम शरीरात शोषलं जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी झालं तर हाडं मऊ पडतात. कंबर, मांड्या ठणकतात, जमिनीवरून उठणं जड जातं. इथे उपचाराने खरोखर आराम पडतो. मात्र 60,000 युनिटांची आठवड्याची मात्रा ठरावीक काळापुरतीच असते. ती मनाने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मॅग्नेशियमबद्दल 2013 मध्ये इजिप्तमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नसेशी संबंधित जुनाट कंबरदुखीच्या 80 रुग्णांपैकी ज्यांना ते आधी शिरेतून आणि मग तोंडाने दिलं, त्यांचं दुखणं कमी झालं. एवढ्या आधारावर प्रत्येकाने गोळी घ्यावी असं म्हणता येत नाही.

"फायदा नाही झाला तरी तोटा काय?" तोटा आहे. अमेरिकेत 36 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त आढळलं.

साध्या कंबरदुखीत झेपेल तितकं चालत-फिरत राहावं, अंथरूण धरू नये. ताप, उतरणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयाचीही तपासणी व्हावी. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.