पुढच्या तारखेचा हिशोब

सकाळी ९
उदबत्ती लावून संगणक सुरू करते. सांगलीत आमचं आरओचं दुकान आहे. विक्री थोडी, सर्व्हिसिंग जास्त. हे आणि दोन पोरं दिवसभर गाडीवर असतात. दुकान आणि फोन माझ्याकडे. सेडिमेंट आणि कार्बनचे फिल्टर साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत बदलावे लागतात, मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी. फिल्टर संपला तरी नळातून पाणी येतच राहतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला आठवण होत नाही. तारीख दुकानानेच सांभाळायची.

पूर्वी ती वह्यांत असायची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, हरभट रोड पाण्याखाली गेले. कितीतरी दुकानांच्या वह्यांचा लगदा झाला, त्यात आमच्याही होत्या. त्यानंतर नंबर जो तो आपापल्या फोनमध्ये ठेवू लागला. आता सगळे एका जागी आणायचे म्हणून झोहोचं बिगिन हे गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर शिकते आहे. चेन्नईच्या या कंपनीने लहान व्यवसायांसाठी ते २०२० मध्ये आणलं. शिकवायला मिरजेहून भाची येते.

सकाळी १०
आधी रकाने ठरवायचे. सॉफ्टवेअर नाव, नंबर, ईमेल, कंपनी असे तयार रकाने देतं. आमच्या घरगुती गिऱ्हाइकांना ईमेलचा काही उपयोग नाही. तो रकाना मागे टाकला. त्याऐवजी आमचे घातले: मशीनचं मॉडेल, बसवल्याची तारीख, पाणी महापालिकेचं की बोअरचं, येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे विरघळलेले क्षार), एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधी संपते. टीडीएसचा रकाना महत्त्वाचा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला धरतात. बोअरचं पाणी त्याच्या बरंच वर असेल तर मेम्ब्रेन लवकर जातो. त्या घरी फोन लवकर करायचा, हे या एका आकड्यावरून कळतं.

सकाळी ११
फोनमधले नंबर स्प्रेडशीटमध्ये आणायचं काम. आधी ९१ लावलेला बारा आकडी नंबर घातला की स्प्रेडशीट त्याला मोठी रक्कम समजते आणि ‘९.१९ई+११’ असं काहीतरी दाखवते. सांगलीच्या ०२३३ या एसटीडी कोडमधलं पहिलं शून्य तर उडूनच जातं. अशीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर पुढचे आकडे कायमचे गेले.

“मावशी, आधी तो रकाना टेक्स्ट कर, मग नंबर टाक. फोन नंबरांची बेरीज करायची नसते.”

एवढंच करायचं असतं, पण ते आधी करायचं असतं. दुसरी काळजी देवनागरी नावांची. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नाही तर ‘देशपांडे’ऐवजी चौकोन आणि चिन्हांची ओळ उमटते. म्हणून पूर्ण यादी चढवण्याआधी पाच-दहा नावांची छोटी फाईल चढवून बघायची, अशी आमची पद्धत.

दुपारी १२
डबल नोंदी. हे सगळ्यात रेंगाळणारं काम आणि खरं शिक्षण इथेच होतं. एकच बाई आमच्या ह्यांच्या फोनमध्ये ‘विश्रामबाग काकू’, पोराच्या फोनमध्ये ‘Kulkarni RO’ आणि माझ्याकडे ‘कुलकर्णी मॅडम बँक’ आहेत. नावावरून सॉफ्टवेअरला ही तीन माणसं वाटतात. उलट ‘पाटील सर’ या एका नावाखाली वेगवेगळी घरं निघतात. म्हणून ओळख नंबरावरून ठरवायची. पण नंबरही कुठे शून्य लावून, कुठे अधिक एक्याण्णव लावून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेले. आधी सगळे दहा आकड्यांवर आणले, जागा काढल्या आणि मग सॉफ्टवेअरला नंबरवरून जुळवायला सांगितलं. जुळलेल्या नोंदी डोळ्यांखालून घातल्याशिवाय एकत्र करत नाही, कारण सासू-सुनेचा नंबर एक आणि मशीन दोन, असंही असतं.

दुपारी ३
जेवण झालं की आजच्या यादीतले फोन.

“काकू, नमस्कार, आरओच्या दुकानातून बोलतेय. मार्चमध्ये फिल्टर बदलला होता, सहा महिने झाले. पोराला पाठवू का?”

“बरं झालं गं आठवण केलीस. पण आम्ही लेकीकडे पुण्याला निघालोय. दसऱ्यानंतर बघू.”

‘दसऱ्यानंतर’ हे वहीत चालायचं. सॉफ्टवेअरला तारीख लागते. भिंतीवरचं कालनिर्णय बघून दसऱ्यानंतरचा सोमवार घातला आणि खाली टीप लिहिली: सकाळी पूजा असते, अकरानंतर जावे. आता तो सोमवार उजाडला की काकूंचं नाव आपोआप यादीत येणार, मी दुकानात असो वा नसो. म्हणून फोन ठेवायच्या आधी पुढची तारीख घालायची, हा नियम केला आहे. नाव, नंबर, पत्ता सगळं बरोबर असून पुढची तारीख नसेल, तर ती नोंद निजलेली.

दुपारी ४.३०
पोरं फेरीवरून येतात. मोबाईलवर नोंद करायला सुरुवातीला त्यांची ना होती. “ताई, हात ओले असतात, टाईप कधी करायचं?” प्रश्न रास्त आहे. म्हणून त्यांच्याकडून तीनच गोष्टी घ्यायच्या ठरवल्या: काय बदललं, टीडीएस किती, पुढची तारीख. बाकी मी दुकानात भरते. जो काम करतो त्याचा वेळ वाचला नाही, तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर महिन्याभरात ओस पडतं.

संध्याकाळी ६
निरोप पाठवण्याची वेळ. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून नवीन गिऱ्हाइकाला मशीन बसवतानाच दुकानाचा नंबर सेव्ह करून घ्यायला सांगते आणि ‘आठवणीचा मेसेज चालेल ना?’ असं विचारून उत्तर नोंदवते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचा गाभाही हाच आहे: माहिती घ्यायची तर कशासाठी ते सांगून, विचारून, लागेल तेवढीच. गिऱ्हाइकाच्या घरी कोण कधी नसतं, हे आम्हाला माहीत असतं. अशी यादी उघड्यावर टाकणं म्हणजे विश्वासघात.

रात्री ८
शेवटचं काम: आठवड्यातून एकदा पूर्ण यादी फाईलमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवायची, त्यातली एक घरी, पुराच्या पातळीच्या वर. यादी उतरवायची परवानगी फक्त आम्हा दोघांना. मग उद्याची यादी बघते आणि एकही नोंद पुढच्या तारखेवाचून राहिली नाही ना, हे तपासते.

तुमचं दुकान शिलाईचं असो, गॅरेज असो की डब्यांचं, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुसरा. आधी एक कागद घ्या आणि गिऱ्हाइकाबद्दल तुम्हाला खरोखर लागणाऱ्या पाच-सहा गोष्टी लिहा. पुढची तारीख त्यात असलीच पाहिजे. तो कागद तयार असेल तर सॉफ्टवेअर शिकायला अवघड नाही. तो नसेल तर महागातलं घेऊनही उपयोग नाही.