खांब किती रुंद हवा? कोळशाच्या ताकदीचे अवघड गणित

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातील एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. या वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. शिरूर-दौंडच्या बेसॉल्टवर घर बांधणाऱ्याला ही भीती नसते. वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात मात्र खाणीत मागे राखलेले खांब किती भक्कम आहेत, यावर वरच्या वस्तीची सुरक्षितता अवलंबून असते.

भूमिगत खाणीत कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या खोदून मधले चौकोनी खांब छत पेलण्यासाठी राखले जातात. १०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर वरील खडकाचा भार सुमारे २५० टन असतो. कोळसा खाण विनियम, १९५७ मधील तक्त्यानुसार या खोलीवर गॅलरी ४.८ मीटर रुंद असल्यास दोन खांबांच्या मध्यबिंदूंत किमान २५.५ मीटर अंतर आवश्यक होते. गॅलऱ्यांवरील भारही खांबांवर येत असल्याने तेथे तो सुमारे दीडपट होतो. हा तक्ता खोली आणि रुंदी पाहतो. कोळसा कणखर की ठिसूळ, याचा रकाना त्यात नाही.

तुकडा मजबूत, खांब कमकुवत

धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन संस्थेने मांडलेल्या सूत्रात कोळशाच्या २५ मिलिमीटर घनाची ताकद विचारात घेतली जाते. तथापि, एकाच थरातील नमुन्यांची ताकदही सारखी नसते. शिवाय खांबातील भेगा आणि मातकट पट्टे एवढ्याशा तुकड्यात येत नाहीत. ठिसूळ कोळसा नमुना कापतानाच फुटतो आणि चाचणीपर्यंत मजबूत तुकडेच पोहोचतात.

दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी खांब कोसळून ४०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर सॅलॅमन आणि मन्रो यांनी १९६७ मध्ये प्रत्यक्ष खाणींतील ९८ टिकलेल्या व २७ कोसळलेल्या उदाहरणांवरून खांबाच्या ताकदीचे सूत्र मांडले.

सरासरी पुरेशी नाही

खांबाची ताकद त्यावरील भाराच्या किती पट आहे, याला सुरक्षा गुणांक म्हणतात. दोन थरांची सरासरी ताकद सारखी असली, तरी ज्या थरात चढउतार अधिक, तेथे कमकुवत खांबही अधिक निघतात. एक खांब खचला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो आणि पडझडीची साखळी सुरू होऊ शकते. म्हणूनच चढउतार मोठा असल्यास गुणांकही मोठा धरावा लागतो. त्यासाठी अधिक कोळसा जमिनीतच सोडावा लागतो. पण खाण बंद झाल्यावरही वरची वस्ती तोच पेलतो.