शहराचा धूर वेगळा, गावाचा धूर वेगळा?

शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांत कोळशावर चालणारे एकही मोठे वीज केंद्र नाही. मग अशा केंद्रांच्या धुराचे नियम दिल्लीत सैल झाले तर आपल्या माणसाने त्याची काळजी का करावी, असे आम्हाला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, भीमा-घोडकाठचे शेतपंप, आपल्या घरातले दिवे हे सारे ज्या विजेवर चालते, त्यातली बहुतांश वीज महाराष्ट्रात आजही कोळशापासूनच तयार होते. दिवा आपल्याकडे लागतो आणि धूर चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळच्या वस्त्यांवर पडतो. दौंडहून मनमाड, भुसावळमार्गे दीक्षाभूमीला जाणाऱ्या बांधवांना हा पट्टा परका नाही. तिथली माणसे आपलीच आहेत.

नियम काय होता?

7 डिसेंबर 2015 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम काढले. धूळ, गंधकाचा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे वायू आणि पारा या चौघांवर मर्यादा आली. 2017 पासून उभ्या राहणाऱ्या संचांना एक घनमीटर धुरात गंधकवायू 100 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा होता. जुन्या संचांना दोन वर्षांची मुदत होती. त्यासाठी धुरातला गंधक चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी लागते. तिला एफजीडी म्हणतात.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दांडीवरच्या कपड्यांवर काळी राख बसते, हे आपल्या माता-भगिनी जाणतात. ती डोळ्यांना दिसते, झटकता येते. गंधकवायू दिसत नाही. हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि थेट फुप्फुसात उतरतात. दमेकऱ्याला, लहान लेकराला, गरोदर बाईला त्यांचा त्रास अधिक.

मुदतीवर मुदत

दोन वर्षांची मुदत 2022 पर्यंत गेली. एप्रिल 2021 मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आतली केंद्रे ‘अ’ वर्गात. अतिप्रदूषित क्षेत्राच्या, किंवा ज्या शहरांची हवा ठरलेल्या दर्जाला उतरत नाही त्यांच्या 10 किलोमीटरमधली ‘ब’ वर्गात. उरलेली सारी ‘क’ वर्गात. सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा मुदत वाढली, डिसेंबर 2024 मध्ये आणखी तीन वर्षे.

शेवटी 11 जुलै 2025 ची अधिसूचना आली. ‘अ’ वर्गाने 31 डिसेंबर 2027 पर्यंत गंधकाची मर्यादा पाळायची. ‘ब’ वर्गाचा निर्णय तज्ज्ञ समिती प्रत्येक केंद्र पाहून घेणार. ‘क’ वर्गाला चिमणीच्या उंचीची अट पाळली की गंधकाच्या मर्यादेतून सूट. देशातल्या सुमारे 600 संचांपैकी जवळपास चार-पंचमांश याच ‘क’ वर्गात मोडतात. धुळीची आणि पाऱ्याची मर्यादा मात्र कायम आहे.

सरकारचे म्हणणेही वाचकांपुढे ठेवले पाहिजे. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्रणेचा खर्च अडीच लाख कोटींच्या घरात जाईल, वीज महागेल, आणि चुनखडीमुळे कर्बवायू उलट वाढेल, असे ते म्हणणे. यात तथ्याचा अंश आहे. पण गंधक कमी असला तरी कोळसा प्रचंड जळतो. उंच चिमणीने धूर नाहीसा होत नाही, तो लांबच्या गावावर जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. यंत्राचा खर्च वहीत मांडला जातो आणि दम्याच्या औषधाचा खर्च गरिबाच्या खिशातून जातो, तो कुठल्याच वहीत येत नाही. असा ताळेबंद जुळलेला दिसतो, पण खरा नसतो.

अमेरिकेतले मतदान

हा झगडा आपल्याच देशात आहे असे नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने 2015 मध्ये वीज केंद्रांच्या कर्बवायूवर मर्यादा घातली. ती रद्द करण्याचे ठराव त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. ओबामांनी नकाराधिकार वापरून ते रोखले. नियम पुढे टिकला नाही, पण कोणत्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद तिथल्या मतदाराला मिळाली. आपल्याकडच्या 2015 च्या नियमांत कर्बवायूला मर्यादाच नव्हती. जी गंधकाची होती, ती राजपत्राच्या एका अधिसूचनेने बहुतेक केंद्रांपुरती गेली. कोणाला हात वर करावा लागला नाही.

बाबासाहेब आणि वीज

आम्ही विजेच्या विरोधात नाही. बाबासाहेबांचे अनुयायी तसे असूच शकत नाहीत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी 1943 मध्येच मांडले. त्याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत इशारा दिला की राजकारणात समता आणि जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालणार नाही. शहराजवळच्या माणसाला स्वच्छ हवा आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला उंच चिमणी, ही त्याच विसंगतीची नवी आवृत्ती आहे.

आपण काय करायचे?

पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 26 नुसार असा प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवावा लागतो. दोन्ही सभागृहांनी ठरवले तर त्यात बदल होतो, तो रद्दही होतो. 2025 च्या दुरुस्तीपुरती ती संधी गेली म्हटले, तरी प्रश्नोत्तराचा तास आहे, खासगी विधेयक आहे आणि पुढची दुरुस्ती येणारच आहे.

शिरूर तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात आणि दौंड बारामती मतदारसंघात येतो. म्हणजे आपले दोन खासदार आहेत. प्रत्येक विहाराने, महिला मंडळाने, तरुण मंडळाने दोघांना एकेक निवेदन द्यावे आणि तीनच गोष्टी विचाराव्यात. ही अधिसूचना सभागृहापुढे आली तेव्हा आपण काय म्हणालात? महाराष्ट्रातील कोणती केंद्रे ‘क’ वर्गात आहेत? तिथल्या हवेची मोजणी गावाच्या भाषेत, गावाच्या फलकावर कधी लागणार? निवेदनाची पोच घ्या, तारीख टाकून फाईलला लावा. कारकुनी करणारा माणूस सांगतो, नोंद असलेला कागद सहज गाडता येत नाही.

कोरेगाव भीमा आपल्याच तालुक्यात आहे. 1 जानेवारीला लाखो बांधव तिथे येतात, त्यांत विदर्भातल्या चिमण्यांखालून आलेलेही असतात. तोवर आपल्या फाईलमध्ये दोन्ही खासदारांची लेखी उत्तरे हवीत, म्हणजे ती त्यांच्या हाती देता येतील.

जयभीम!